नवऱ्याच्या डोळ्यांपुढची बाई

आमचे हे मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये असतात. सात महिने पाण्यावर, तीन महिने मांडवीला घरी. असा संसार करणाऱ्या सगळ्याच बायका म्हणतात, "चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही गो." मीही म्हणायचे. मला वाटायचं, ही आपली बोलायची पद्धत.

गेल्या वर्षी जावेबरोबर कोळंबी सोलत बसले होते. माझे दीरही बोटीवरच. ती म्हणाली, "आत्ता इथे समोर बसलेत असे दिसतात बघ. मिशीला आमटी लागलेली." मी हसले. ती हसेना.

"म्हणजे खरंच दिसतात? रंगासकट?"

"मग? तुला काय दिसतं?"

मी डोळे मिटले. "काळोख."

"अगो बाई! लग्नाला सव्वीस वर्षं झाली ना?" जाऊ माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी नवऱ्याला बाजारात विकून आले होते.

मग मी मोबाइलवर शोधलं. असतात म्हणे अशी माणसं. डोक्यात चित्रच उमटत नाही त्यांच्या. अफॅन्टेसिया म्हणतात त्याला. आंबा म्हटलं की आंब्याबद्दल मला सगळं ठाऊक असतं, फक्त आंबा दिसत नाही. आंब्याचं ठीक आहे हो, पण नवरा? या माणसावर माझा जीव आहे तरी का, या विचाराने मी महिनोन्महिने स्वतःला खात होते. त्या नादात केसांना कलप लावायचा राहिला तो राहिलाच.

मग हे आले. मी स्टेशनवर न्यायला गेले. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, पोट हे एवढं सुटलेलं. तरी मी लांबूनच ओळखलं आणि हात केला. हे माझ्याकडे बघून सरळ पुढे गेले! बॅग ओढत, मान उंच करून मलाच शोधत.

मीच मागे धावून बॅग धरली, तेव्हा कुठे ओळख पटली. घरी जेवायला वाढताना माझं तोंड सुटलंच.

"रोज व्हिडिओ कॉल करता ना?"

"त्यात तुझं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो."

"आणि रोज डोळ्यांपुढे असते म्हणता, ती कोण मग?"

हे खरं बोलून मोकळे झाले, ही त्यांची जुनी खोड. लांब वेणी, पिवळी साडी, अंगाने काटकुळी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली मी! म्हणजे इतकी वर्षं ही बया माझ्या नवऱ्याबरोबर व्हिसाशिवाय जगभर फिरतेय आणि मी इकडे गॅसचा नंबर लावतेय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रागाच्या भरात माझंही बाहेर पडलं. "मला तर तुम्ही दिसतच नाही. सात महिन्यांत एकदाही नाही. डोळे मिटले की काळोख." बोलून गेले आणि जीभ चावली.

ह्यांनी घास ताटात ठेवला. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग एवढ्या गर्दीत ओळखलंस कसं?"

"त्यात ओळखायचं काय? अहो, माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरे तुम्ही आहातच कुठे?"

ह्यांनी डाव्या हाताने खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला आणि माझ्याकडे बघत बसले. पांढरे केस, सुटलेली हनुवटी, सगळं. मला मेलं लाजायला झालं. आमटीचं पातेलं उचलून आत निघाले, तर म्हणाले, "थांब, हलू नकोस. पुढच्या खेपेला हिला नेतो."