त्यांच्या मचाणाची वाट

आइंडहोव्हनजवळच्या गावात राहायला गेलो तेव्हा माझी डच भाषेची परीक्षा तोंडावर आली होती. नवरा सकाळी कंपनीत जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. समोरच्या घरातल्या बाई एकदा म्हणाल्या, "शनिवारी माझ्याबरोबर जंगलात चल. काम करता करता बोलू. पुस्तकातून भाषा येत नाही."

ते शिकारीचं जंगल त्यांच्या नवऱ्याला वडिलांकडून मिळालेलं. हिवाळ्यात त्यांचे मित्र हरणं मारायला यायचे. बंदूक घेऊन चालणाऱ्याच्या पायाखाली काटकी मोडता कामा नये, म्हणून आतल्या पायवाटा साफ ठेवाव्या लागत. पडलेल्या फांद्या ओढून बाजूला टाकायच्या, ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली मुळाशी कापायच्या, तोंडावर येणाऱ्या डहाळ्या छाटायच्या. पहिल्याच दिवशी माझ्या जॅकेटच्या बाह्या फाटल्या आणि हात ओरबाडून निघाले. बाई साठीच्या पुढच्या, पण करवत अशी चालवायच्या की मी बघत राहायचे.

बाईंचे यजमानही बरोबर असायचे. एकेकाळी मोठे शिकारी, पण आता हात सतत थरथरायचे, म्हणून बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागल्या होत्या. बाई त्यांना गाडीतून उतरवायच्या, घडीची खुर्ची मांडायच्या, गुडघ्यांवर ब्लँकेट घालायच्या. किती मायेनं करतात, असं मला वाटायचं.

खुर्ची नेहमी एकाच जागी, एका वाटेच्या तोंडाशी. त्या वाटेच्या टोकाला त्यांचं लाकडी मचाण होतं, खुर्चीतून वरचा भाग दिसायचा. बाकी सगळ्या वाटा आम्ही साफ केल्या, ही एक सोडून.

"आणि माझी?" ते विचारायचे.

"पुढच्या शनिवारी," बाई म्हणायच्या.

एकदा मी आपणहून लांब दांड्याची कात्री घेऊन तिकडे वळले. बाईंनी माझं मनगट धरलं. "ती नाही." आवाज अजिबात चढला नव्हता.

उन्हाळ्यात वेली माजल्या. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती वाट कमरेइतकी बुजली. ते तरीही विचारायचे, बाई तेच उत्तर द्यायच्या, आणि उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडे बघायच्या.

अखेर मी थर्मासमधली कॉफी ओतताना विचारलंच, "असं का करता?" ते दहा पावलांवर बसले होते. बाईंनी आवाज कमी करायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"लग्न झाल्यापासून ही वाट मीच साफ करत आले. हा मित्रांना सांगायचा, आमच्या घरी नोकर ठेवावा लागत नाही. माझी आई गेली त्या सकाळी फोन आला, तेव्हा मी इथेच होते. हा म्हणाला, पाहुणे दुपारी येणार आहेत, आधी वाट पुरी कर, मग जा." त्यांनी पावाचा तुकडा तोडला. "मी पुरी केली."

ते ऐकत होते. मान खाली नव्हती. मचाणाकडे बघत होते.

त्यानंतरच्या एका शनिवारी आम्ही पलीकडे पडलेलं बर्चचं झाड कापत होतो. परत येऊन बघतो तर खुर्ची रिकामी. त्या बुजलेल्या वाटेच्या आतून कुठूनतरी घरघर ऐकू आली. मी धावले. बाईंनी मागून हाक मारली, "राहू दे. गेला तसा येईल." आणि डबा उघडून खायला बसल्या.

ते फार आत गेले नव्हते. वेलींमध्ये गुडघ्यांवर पडले होते, हात वेलींत अडकलेले, कपाळावरून रक्त ओघळत होतं. जितके हलायचे तितके काटे रुतायचे. मी एकेक वेल कापत त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी मी कापलेल्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "किती घाणेरडं कापतेस. मुळाशी काप. माझी बायको तुझ्यापेक्षा बरं कापायची."

क्षणभर वाटलं, कात्री तिथेच टाकावी आणि निघून जावं. टाकली नाही, पण पुढच्या वेली मी मुद्दाम सावकाश कापल्या. ते कण्हत होते. मला ते ऐकायला वाईट वाटत नव्हतं, हे माझं मलाच कळत होतं.

बाहेर आणलं तेव्हा बाईंनी त्यांचं तोंड पुसलं, नीट, ओल्या रुमालानं. मग पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं.

पुढच्या शनिवारी बाई दोनदा त्यांच्यासमोरून गेल्या. शेवटी थांबून म्हणाल्या, "आज विचारत नाहीस?" त्यांनी ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं. "विचार ना," बाई म्हणाल्या. दिवसभर त्यांचं करवतीत लक्ष नव्हतं.

वसंतात बाईंनी यजमानांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवलं. नंतरच्या शनिवारी मी सवयीनं बूट घालून समोरच्या घराची बेल वाजवली. बाई खिडक्या पुसत होत्या.

"जायचं ना जंगलात?" मी विचारलं.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या, आणि फडका पिळून पुढची काच पुसायला लागल्या.