अण्णांच्या गाडीचं झाकण

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. आईलाही नाही. देवापुढे दिवा लावताना मनातसुद्धा कधी नीट उच्चारलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. सांगायला हवं होतं तेव्हा गप्प बसले, आणि ज्यांना सांगायचं ती माणसं आता राहिली नाहीत.

कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं एकत्र घर. थोरले दीर आणि जाऊबाई — त्यांना सगळेच अण्णा आणि अक्का म्हणत — आणि धाकटे आम्ही दोघं. त्या काळी आमच्या भागात मोटारी मोजक्याच. त्यातली एक जुनी गाडी अण्णांची. माझ्या माहेरी कापडं रंगवण्या-धुण्याचा धंदा, त्यामुळे रेशमावरचा तेलाचा डाग पेट्रोलने कसा काढायचा ते मला लहानपणापासून येत होतं. गल्लीतल्या बायका जरीच्या साड्या घेऊन यायच्या. घरात मला कुणी कशात विचारत नसे, पण त्या बायका माझ्या हाताचं कौतुक करायच्या. त्या कौतुकाची मला चटक लागली. पेट्रोल कुठून आणत होते? अण्णांच्या गाडीतून. दुपारी सगळे जरा कलंडले की रबरी नळी लावून — एक बाटली, कधी दोन.

अण्णांच्या लक्षात आलं. माझ्यावर संशय? छे, तो कोण घेणार. त्यांना वाटलं, रस्त्यावरचं कुणीतरी चोरतंय. त्यांनी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं आणि किल्ली खिशात ठेवायला लागले. काही दिवस मी मुकाट बसले. मग एकदा सहज माझ्या ट्रंकेची किल्ली लावून पाहिली. सरळ लागली नाही. पण अर्धीच आत घालून, वर दाबून डावीकडे वळवली — आणि झाकण हातात आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. लाज वाटली नाही, हेही सांगून टाकते.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी अक्कांना दिवस गेले होते. सातवा महिना. अण्णा कामासाठी आगगाडीने तुमकूरला गेलेले. सकाळी अक्का न्हाणीघरातून आल्या त्या भिंत धरून, साडी रक्ताने भिजलेली. आम्ही त्यांना गाडीत निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. माझ्या यजमानांनी गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. टाकी कोरडी. आदल्याच दुपारी मी बाटली भरून घेतली होती.

शेजाऱ्यांनी मोटारसायकलसाठी ठेवलेला पेट्रोलचा डबा धावत आणून दिला. पण ओतणार कुठे? झाकणाची किल्ली अण्णांच्या खिशात, तुमकूरला. यजमान झाकण फिरवत राहिले. ते नुसतंच गोल फिरत होतं, सुटत नव्हतं. पक्कड झाली, स्क्रूड्रायव्हर झाला. छिन्नी-हातोडी आणली तर ठिणगी उडेल म्हणून लोकांनी अडवलं. घोड्याचा जटका आणायचा तर अक्कांना त्याचे हादरे सोसतील का, म्हणून तोही कुणी आणेना.

आणि माझ्या ट्रंकेची किल्ली? माझ्या कमरेला होती. मी मनाशी म्हटलं, आता सुटेल झाकण. मग म्हटलं, आता तर नक्कीच सुटेल. आणि थोडा वेळ गेल्यावर — हे तुम्हाला समजेल का? — पेट्रोलची चोरी बाजूलाच राहिली. इतका वेळ गप्प का बसलीस, या एकाच प्रश्नाची भीती वाटायला लागली. जितका वेळ जाई, तितकी ती वाढे. अक्कांनी डोळे उघडले. "अजून स्वल्प वेळ लागेल का गं, शारदा?" मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. तो हात कमरेशी न्यायचा होता, एवढंच.

शेवटी जटकाच आणला. मुलगा होता. मेलेलाच जन्मला. थोडं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा मूल होणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

अक्कांनी मला कधी दोष दिला नाही. उलट, शारदा होती म्हणून मी वाचले, असं आल्यागेल्याला सांगायच्या. दोष दिला तो अण्णांना. कुलूप लावायला कुणी सांगितलं होतं, किल्ली बरोबर कशाला नेलीत — एकदाच विचारलं, आणि मग त्यांच्याशी बोलणंच सोडलं. एका घरात राहून. दोघांचे निरोप मीच पोचवायची. पाणी तापलंय म्हणावं. पान वाढलंय म्हणावं. इतके निरोप पोचवले, पण जो पोचवायला हवा होता तो नाही. अण्णांनी गाडी विकून टाकली. मित्रांकडे जाणं बंद केलं. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला आणि मी त्यांना वेळेवर कॉफी देत राहिले.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर अण्णांनी अंथरूण धरलं. भरवायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी मी त्यांना तांदळाची गंजी, म्हणजे पातळ पेज, भरवत होते. अक्का देवळात गेल्या होत्या, घरात तिसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. तिकडच्या रीतीने मला ते अम्मा म्हणत. म्हणाले, "किल्ली मी घरी ठेवायला हवी होती, नाही का अम्मा?"

त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. ते तर खरंही होतं. त्यांच्या किल्लीवाचून अडलेलंच नव्हतं काही. सांगायला याहून सोपी वेळ कधी येणार होती?

मी म्हणाले, "हो अण्णा. ठेवायला हवी होती."

त्यांनी मान हलवली. मनगट सोडलं. मी पुढचा चमचा ओठाला लावला आणि त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.