नाक्यावर उसवलेली गादी

आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. त्या दिवशी गादी उसवायच्या आधीच मला कळलं होतं की तिच्यात चोरीचा कापूस नाही. सुरी दुसऱ्याच्या हातात होती, पण तिला थांबवणारा शब्द माझ्या तोंडात होता. तो मी गिळला. आणि त्यानंतर जे केलं ते त्याहून वाईट.

आता पन्नाशी उलटली आहे. सांगायचंच तर मुळापासून सांगतो.

माझे वडील नागपूरच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे पारखी होते. बैलगाडी येऊन उभी राहिली की धोतराचा सोगा खोचून ते वर चढत, कापसात कोपरापर्यंत हात घालत आणि आतली मूठ बाहेर काढत. वरचा कापूस म्हणजे शेतकऱ्याचा चेहरा आणि आतला म्हणजे त्याचं पोट, असं म्हणत. डोळे मिटून, चिमटीत धागा ओढून ते माल कसा आहे ते सांगत, आणि अडत्या त्यावर भाव बोले. लहानपणापासून त्यांनी माझाही हात तयार केला होता. सरकीसकट कापूस कोणता आणि रेचून सरकी काढलेला कोणता, हे मी पोत्यावरून दाबून सांगत असे.

मग राज्य सरकारनं कापसाची खाजगी खरेदी बंद केली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, पैसे हप्त्याहप्त्यानं घ्यायचे. छिंदवाड्याच्या रस्त्यानं पुढं गेलं की मध्यप्रदेशची हद्द, आणि तिथला व्यापारी हातावर रोख ठेवत होता. कापूस जायचा तिकडं गेलाच. पाण्याला उतार दाखवावा लागत नाही.

नागपूरच्या बाजारावर मात्र अवकळा आली. हिवाळ्यात जिथं गाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसायची, तिथं ढोरं बसू लागली. हमाल सीताबर्डीत सायकलरिक्षा ओढू लागले. दलालांनी हद्दीपलीकडे सौंसर-पांढुर्ण्याला खोल्या घेतल्या, आणि कालपरवापर्यंत जी गावं आमच्या बाजाराकडे बघत होती तिथं टिनाची नवी गोदामं उभी राहिली. आमच्या अडत्यानंही तिकडं दुकान थाटलं. वडिलांना बोलावलं. ते गेले नाहीत. घरी खाटेवर बसून राहू लागले.

त्याच सुमाराला हद्दीच्या अलीकडे, कापूस बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेल्या एका नाक्यावर मला हंगामी काम मिळालं. घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. हात धुऊन आले आणि एवढंच म्हणाले, की ज्या हातानं भाव केला त्याच हातानं आता झडत्या घे. मोहल्ल्यातली मंडळी मला नाकेदारसाहेब म्हणून हाका मारायची, आणि त्या ‘साहेबा’त काय होतं ते मला कळायचं.

कापूस नाना तऱ्हांनी जायचा. संत्र्यांच्या पेट्यांखाली, तुरीच्या काड्यांच्या भाऱ्यात, सायकलच्या कॅरिअरवर, शेतातल्या पायवाटेनं डोक्यावर. आणि गाद्यांतून. हद्द सरकारची, सोयरीक तिला विचारून होत नव्हती. इकडच्या मुली तिकडं, तिकडच्या इकडं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लग्नसराईत आंदणाच्या गाद्या नाक्यावरून जायच्याच. कुणीतरी त्यांत पिंजलेल्या कापसाऐवजी सरकीसकट कच्चा कापूस भरून नेला, पलीकडे उसवून विकला, आणि पकडला गेला. तेव्हापासून आमच्या नाक्यावरच्या साहेबांचा हुकूम होता की गादी दिसली की फाडून बघायची.

तिथं माझा हात कामाला आला. साहेब बाहेरचे होते, पुण्याकडचे. कापूस त्यांनी आधी दुकानात कापड म्हणूनच पाहिला असावा. मी त्यांना म्हटलं, फाडायची गरज नाही, दाबून सांगतो. त्यांनी दोन-चार वेळा परीक्षा घेतली. चूक झाली नाही. मग तेच चाललं. मी गादी दाबायची, नाही म्हटलं की गाडी सोडायची. कितीतरी मुलींच्या गाद्या त्या हातानं वाचवल्या, हेही खरं आहे. त्याचा मला माज आला होता. नाक्यावरचे लोक माझ्या हातावर चहाच्या पैजा लावायचे.

त्या दिवशी दुपारी वऱ्हाडाचा ट्रक आला. नागपूरचं कोष्ट्यांचं कुटुंब, हातमागावर लुगडी विणणारं. परिस्थिती बेताची, म्हणून लग्न मुलाच्या घरी पलीकडे, गोरज मुहूर्तावर होतं. मागं बायका गाद्यांवरच बसलेल्या, मधे हळदीची नवरी. गाद्या खाली घ्यायला सांगितलं तेव्हा नवरीची मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काहून गा, तुले आमच्याच गाद्या दिसल्या का?”

मी म्हटलं, दाबून पाहतो, लगेच सोडतो.

“दाब बाप्पा, दाब. नवरदेवाच्या आधी तूच दाबून पाह्य.”

सगळा ट्रक हसला. नवरीनं पदरात तोंड लपवलं. नाक्यावरचे माझे सोबतीही हसले आणि साहेबांच्या ओठांवरही हसू आलं. मला हसता आलं नाही. कान तापले. मी एका गादीचा कोपरा धरला, बोटं आत रुतवली, आणि कठीण बिया लागल्याबरोबर म्हणालो, “सरकी आहे.”

बोलून गेलो आणि मगच बोटांना दुसरं काही लागलं. बियांहून मोठं, लांबट, गाठीगाठीचं. हळकुंड.

आमच्या भागात काही घरांतून अशी रीत आहे. सीतादहीच्या दिवशी, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा होते तेव्हा, वेचलेला मूठभर कापूस सरकीसकट ठेवून द्यायचा आणि मुलीच्या आंदणाच्या गादीच्या कोपऱ्यात हळकुंडासोबत भरायचा. घर पिकतं राहावं म्हणून. शेती नसलेली माणसं नात्यातल्या शेतकऱ्याकडून तो मागून आणतात. आणि हे काम मुलीच्या आईनं एकटीनं, कुणी बघत नसताना करायचं असतं. माझ्या बहिणीच्या वेळी माझ्या आईनं केलं होतं.

म्हणजे मला ठाऊक होतं. त्याच क्षणी ‘साहेब, चुकलो, हे शकुनाचं आहे’ असं म्हटलं असतं तर मावशीनं आणखी एक टोमणा मारला असता, सोबत्यांनी चहा उकळला असता आणि ट्रक गेला असता. इतकंच झालं असतं. पण ते हसू अजून माझ्या कानात होतं.

शिपायानं कोपरा उसवला. मी हात घालून मूठ बाहेर काढली. सरकीसकट कापूस साहेबांपुढं धरला आणि हळकुंड तळहातात दाबून ठेवलं. साहेबांनी विचारलं, आतही असाच आहे का? वर पिंजलेला आणि आत कच्चा अशी भेसळ त्यांनी पूर्वी पकडली होती. मी मान डोलावून हो म्हटलं.

नवरीचा बाप पुढं आला. काटकुळा माणूस, नवं धोतर, डोक्याला फेटा. तो गडबडला नव्हता. त्याच्या दृष्टीनं गोष्ट सोपी होती.

“साहेब, ते शकुनाचं होय. त्याच्यात हळकुंड असन, पाहा तुम्ही. चोरीच्या मालात कोणी हळकुंड टाकते का?”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला विचारलं, “होतं का हळकुंड?”

माझा हात खिशात होता.

“मले नाही दिसलं,” मी म्हणालो. साहेबांशी मी नेहमी पुस्तकी बोलायचो; त्या वेळी घरची बोली तोंडातून निघाली.

बापानं स्वतः गादीचा कोपरा चाचपला. मग रस्त्यावर उकिडवा बसून धुळीत बोटं फिरवू लागला. गाद्या जिथं उतरवल्या तिथपासून ट्रकच्या चाकापर्यंत. मावशी खाली उतरून त्याच्यासोबत शोधू लागली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

त्या एकीवरून सगळ्याच गाद्या जप्त झाल्या. बापाला थांबवून घेतलं. मुहूर्त टळू नये म्हणून ट्रक पुढं सोडला, आणि मुलीचं कन्यादान मामानं केलं. बाप संध्याकाळपर्यंत नाक्याच्या बाकावर बसून होता. आम्ही दिलेला चहा त्यानं घेतला नाही. दिवस बुडू लागला तसा तो रस्त्याकडं बघायचा बंद झाला आणि डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. तेव्हा आपल्या मुलीच्या अंगावर अक्षता पडत असतील, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. घरी जाताना हळकुंड मी नाल्यात टाकलं.

खटला चालला. तारखेमागून तारखा. माग बंद ठेवून तो माणूस यायचा. ज्याच्याकडून सूत उधार मिळायचं त्या व्यापाऱ्यानं केसवाल्या माणसाला सूत देणं बंद केलं, असं त्याच्या सोबत येणाऱ्या भावाकडून कळलं. जप्त गाद्या शेडमध्ये भिजून, उंदरांनी कुरतडून अशा झाल्या होत्या की आत काय होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. राहिला माझा शब्द. तो मी शपथेवर दिला.

साक्ष झाल्यावर कोर्टाच्या ओसरीत तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“मी तुमच्यावर राग नाही धरत बाबू,” तो म्हणाला. “तुम्हाले दिसलंच नाही त तुम्ही काय सांगान? बायको म्हणते, मीच विसरली असन हळकुंड टाकाले. घाईत होती म्हणते. रडून राहिली रोज. म्हणते, माह्या विसरण्यानं पोरीच्या बापावर आळ आला.”

मी घड्याळ बघितलं. तो मान डोलावून गेला. त्याला दंड झाला आणि तो सुटला, पण चोर ठरूनच सुटला.

पुढं नोकरी कायम झाल्यावर मी बदली मागून नागपुरातच सदर भागातल्या कार्यालयात आलो. गादी दाबायचं काम सुटलं. वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी एकदा विचारलं होतं, हाताची पारख टिकून आहे ना? मी हो म्हटलं होतं.

मध्यंतरी सीताबर्डीत कापडाच्या दुकानाबाहेर एका बाईनं मला थांबवलं. केस पांढरे झालेले, आवाज तोच, नवरीच्या मावशीचा.

“तूच ना गा तो, नाक्यावरचा दाबणारा?”

मी ओळख नाकारली नाही. तिनं भांडण काढलं नाही; इतक्या वर्षांनी भांडायला तिच्याकडे उरलं तरी काय होतं. पिशवी सावरत तिनं सगळ्यांचं सांगितलं. मेव्हणे, म्हणजे नवरीचा बाप, गेले. पोरगी तिकडं नांदते आहे, पण सासू मरेपर्यंत तिला चोराची पोर म्हणत होती. आणि नवरीची आई? मी विचारलं.

“बहीण हाय. एकटीच राह्यते,” ती म्हणाली. “मोहल्ल्यात कोणाचं लगन निघालं का गादीजवळ जात नाही. बोलावलं तरी नाही. म्हणते, माह्या हाताले विसर हाय, मले नोका बोलावू.”

तिनं घर सांगितलं. गल्ली, मारुतीचं देऊळ, पुढचं तिसरं दार. घर मी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं. तिला काही संशय होता की म्हाताऱ्या माणसांच्या सवयीनं सांगून गेली, मला ठरवता येत नाही. तिथून त्या घरापर्यंत पायी जाण्यासारखं होतं. मी बस धरून घरी आलो.

त्यानंतर त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी एकदोनदा गेलो आहे. माग आता तिथं थोडेच वाजतात. देवळापाशी उभा राहून परत फिरलो.

त्या माणसाला मी आता काही देऊ शकत नाही, तो नाही. त्याच्या मुलीच्या सासरी जाऊन तिच्या बापावरचा आळ खोटा होता हे मला सांगायचं आहे. आणि त्याआधी त्या तिसऱ्या दारात जाऊन त्या बाईला सांगायचं आहे, की तुम्ही विसरल्या नव्हत्या. हे माझ्यावर बाकी आहे. ती हयात आहे तोवरच ते फेडता येईल, आणि हे लिहीपर्यंत मी ते फेडलेलं नाही.