पालथे दगड

खांद्यावर कुदळ नसली की वाटमामाला आपण उघडेच बाहेर पडलोय असं वाटायचं. खालच्या गावातून वरच्या वाडीला जाणारी पायवाट सांभाळायची, ही त्याची नोकरी. झुडपं छाटायची, पावसाचं पाणी बाजूला काढायला आडवे चर मारायचे, चढावरच्या दगडी पायऱ्या हलायला लागल्या की पुन्हा बसवायच्या. पायरी पायांनी झिजून मधे खोलगट झाली की तिच्यात पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि चांगला धडधाकट माणूस ढुंगणावर आपटतो. म्हणून तसला दगड पहारीनं उचकटायचा, पालथा करायचा आणि कोरी बाजू वर घेऊन ठोकून बसवायचा. ही रीत त्याला बापानं शिकवलेली.

पुढं डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता झाला आणि वाडीची माणसं गाडीत बसायला शिकली. वाटेवर राहिली एकटी अक्का.

अक्का ही मामाची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच याचं नाक पुसलं, ढुंगण धुतलं, कडेवर घेऊन याच वाटेनं हिंडवलं. लग्न होऊन ती वरच्या वाडीत गेली. मूलबाळ झालं नाही, नवराही मागं राहिला नाही. दिवसाआड ती भावाकडे उतरायची. लहानपणी मोडलेला डावा पाय ओढत चालायची. गवतात तिची अशी फरफट उमटली होती की आंधळ्यानं चाचपत वर जावं.

"अक्का, दूधवाल्याची गाडी येते ना, तीत बसून येत जा की," मामा म्हणायचा.

"गाडीत मला मळमळतं. आणि मी गाडीत बसले तर तुझी नोकरी कशाला राहील रे, धाकट्या? सरकार काय तुझं थोबाड बघायला तुला पोसतंय?" पाणी पिऊन झालं की वर आणखी, "विहिरीजवळची पायरी डुगडुगतेय. झोपा काढतोस का काय?"

थट्टाच होती, पण त्यात खोटं काही नव्हतं. वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन एका बागवाल्यानं घेतली होती. वाटेवर कुणी फिरकत नाही, ती मला कुंपणात घेऊ द्या, असं त्यानं खात्याला कळवलं होतं. चालती वाट कुणाला अडवता येत नाही. मोडलेली मात्र मालकाची होते. थंडी सरली की खात्याचा साहेब येऊन बघणार होता. मामाचं चालणं धरायचं नाही, कारण तो पगारी माणूस.

"येऊ दे तुझ्या साहेबाला," अक्का म्हणाली. "त्याला म्हणावं, माझ्या मागनं चढून दाखव."

तेव्हापासून ती दिवसाआड यायची ती रोज यायला लागली. मामी तिच्या पायांना तेल लावून द्यायची आणि नणंदेच्या शिव्या खायची.

थंडी सरायच्या आत अक्का तापानं गेली. तिला खाली आणलं ते डांबरी रस्त्यानं, गाडीतून. मळमळायचं काही कारण उरलं नव्हतं.

मामाला रडायला आलं नाही. जे येत होतं ते त्यानं धरलं. दिवस उजाडला की कुदळ, पहार, विळा घेऊन वाटेवर.

"जरा घरात टेका की," मामी म्हणाली. "माणसं काय म्हणतील?"

"साहेब यायचाय. अक्काची वाट आहे, गबाळी दिसली तर तीच वरनं शिव्या घालेल."

त्यानं गवत मुळापासून खरवडलं. फरफटीवर माती ओढली, मुरूम टाकला, धुमसानं चोपून काढला. मग पायऱ्या घेतल्या. एकेक दगड डाव्या अंगाला जास्त झिजलेला. त्या खोलग्यात तो क्षणभर तळहात ठेवायचा. मग पहार घालायचा, दगड पालथा करायचा आणि ठोकून बसवायचा. काम झाल्यावर खाली उभा राहून त्यानं वर पाहिलं. इतकी देखणी वाट त्याच्या बापानंही केली नव्हती.

साहेब आला. भला माणूस होता; बूट मातीत घालायला कुरकुरला नाही. वाटेनं वर जाऊन खाली आला. बागवाला मागं हात बांधून उभा होता.

"काम नंबरी आहे, मामा," साहेब म्हणाला. "पण माणूस चालल्याची खूण कुठं आहे? पायानं दबलेलं गवत, झिजलेली पायरी, काहीतरी पाहिजे ना. हे तर काल केल्यासारखं कोरं आहे."

मामा धावला, विहिरीजवळच्या पायरीत पहार घातली आणि दगड उलटा करून दाखवला. ओल्या मातीनं भरलेला खोलगा त्यानं बोटांनी कोरून साफ केला.

"हे बघा. माझी बहीण. रोज यायची."

साहेब वाकला. त्यानंही खोलग्यात बोटं फिरवून पाहिली. "कुठंयत त्या?"

"गेली."

"मग आता कोण चालतं?"

बागवाल्यानंसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

"चालणारं माणूस गेलं तरी ताजी खूण असती, तर मला वर्षभर थांबवता आलं असतं," साहेब हळूच म्हणाला. "तेवढ्यात कुणी चाललंही असतं. आता मी कशावर बोट ठेवू?"

वाट गेली. मामाला डांबरी रस्त्याच्या गटारांवर लावलं.

घरी मामी म्हणाली, "तुम्ही चांगलंच करायला गेलात." यावर तो जेवणाच्या ताटावरून उठला.

कुंपणाची माणसं यायच्या आधी तो पहार घेऊन पुन्हा वाटेवर गेला. दम खात, कंबर धरत त्यानं सगळे दगड उलटून परत होते तसे बसवले. खोलगा वर, डाव्या अंगाला खोल.

खांब रोवायला आलेल्यांतला एकजण तारेचं भेंडोळं घेऊन चढताना त्या खोलग्यात अडखळला आणि दाणकन आपटला.

"कुणी बसवलाय रे हा दगड?" ढुंगण चोळत तो ओरडला. "खड्डा वर ठेवलाय! काम येत नाही वाटतं?"

"मी बसवला," कडेला उभा असलेला मामा म्हणाला. "नाही येत."

आणि त्यानं खाली वाकून त्या माणसाला हात दिला.