मजुरी वाढली तर

श्रीरामपूरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. एम.ए.च्या वर्गात मी एक पद्धत पाडली आहे. एक सिद्धांत शिकवून झाला की त्याच्या विरुद्ध बोलणारा दुसराही तितकंच मन लावून शिकवायचा, आणि मग मुलांना भांडू द्यायचं. "मुलं गोंधळतात हो मॅडम," असं सहकारी म्हणतात. गोंधळतातच. परीक्षेत कोणतं लिहायचं, हा प्रश्न तर रोजचा.

पुणतांब्याची एक मुलगी त्या वर्गात होती. घरची कांद्याची शेती, बोलायला धीट. "आमच्याकडं मजूरच मिळत न्हाईत, आन् वर मजुरी वाढवा म्हनं!" असं ठणकावून सांगायची. मी तिला प्रकल्पाला तोच विषय दिला. अट एकच: कांदा काढायला येणाऱ्या बायकांशी बोलायचं, आणि त्यांची बाजू त्यांना पटेल अशी मांडायची.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. मी शेजारीच बसले होते.

"मजुरी वाढली की रोजगार घटतो. बरोबर ना?"

"एका विचाराप्रमाणे बरोबर, सर. पण त्यात मालक आणि मजूर बरोबरीनं घासाघीस करतात असं धरलंय. आमच्या गावात तसं होत नाही."

"म्हणजे पुस्तक चूक?"

"नाही, सर. मजुरी वाढली त्या वर्षी वडिलांनी एकही बाई कमी केली नाही, कांदा रानातच सडला असता. पुढच्या वर्षी मात्र निम्म्या रानात गहू केला. तो मशीननं निघतो, बायका लागत नाहीत. रोजगार घटतो म्हणणारं आणि घटत नाही म्हणणारं, दोन्ही पुस्तकं आमच्याच शेतात खरी ठरली."

परीक्षक पुढं सरकून बसले. "मग तुझं मत?"

"मजुरी वाढावी. कांदा काढणाऱ्या बायकांशी बोलल्यावर पटलं. घरी हे बोलले तर वडील रुसले. पण मी एकाच गावावरून सांगतेय, सर. ऊसपट्ट्यात वेगळं निघू शकेल."

ते ऐकून माझा ऊर भरून आला.

चहाच्या वेळी परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही पाठ करून घेतलंत हे?"

"नाही. तिचं मत मलाही पुरतं पटत नाही," मी म्हणाले. ते मोठ्यानं हसले आणि आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिचा प्रकल्प मागून घेतला.

आता ती कर्जतला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. परवा तिचा फोन आला. "मॅडम, आज वर्गात दोघीजणी माझ्याच म्हणण्याविरुद्ध उभ्या राहिल्या. लई भारी वाटलं!"

स्टाफरूममध्ये जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले.