हवेवरची फटफटी

बसण्याआधी आमचे साहेब प्रत्येक गोष्ट तळहाताने दाबून पाहत. कचेरीतली खुर्ची, एस.टी.चं बाकडं, आमच्या घरची बाज, काहीही. दाबायचे, हात उचलायचे आणि निकाल द्यायचे, "दबलं पायजे, आन् परत वर आलं पायजे. न्हायतर ते बसायचं न्हाय, आपटायचं साधन." कारखान्याच्या अध्यक्षांचा नवा सोफाही त्यांनी अध्यक्षांदेखत असाच दाबून पाहिला आणि "राहू द्या, मी उभाच बरा" म्हणून उभे राहिले.

एकाच गोष्टीचं वेड घेतलेला असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. पण आमच्या साहेबांच्या वेडाला कारण होतं.

ते साखर कारखान्यात शेतकी सुपरवायझर होते. स्वतःच्या जुन्या फटफटीवर गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घ्यायचे. मी त्यांच्या हाताखाली नवा कारकून. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, म्हणून त्यांनी माझं नावच 'बी.ए.' ठेवलं आणि जगातल्या सगळ्या शास्त्रांची जबाबदारी माझ्यावर टाकली.

"बी.ए., रबर किती ताण सोसतं वो?"

"साहेब, माझा विषय मराठी आहे."

"मंग मराठीत सांगा की!"

दुष्काळात वहिनी, म्हणजे साहेबांची पत्नी, भरल्या घागरीसकट विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या. तेव्हापासून कमरेचं दुखणं मागे लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं चाला-फिरा, पण हिसका बसू देऊ नका. आणि त्यांच्या माहेरचा रस्ता म्हणजे नुसता हिसका. दुष्काळी कामावर त्याच्यावर खडी पसरली होती, पुढे रोलर काही आला नाही. एस.टी. जात नव्हती. एकदा त्या बैलगाडीतून निघाल्या, तर अर्ध्या वाटेवरून त्यांना उचलून परत आणावं लागलं. तिकडे त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, नजरही गेलेली. आल्यागेल्याजवळ तिचा एकच निरोप असे, "पोरीला म्हणावं, एकदा हाताला लाग." निरोप आला की वहिनी चुलीत उगाच लाकडं सारत बसत आणि साहेब बाहेर जाऊन फटफटीची सीट दाबत.

ती खडी माझ्या आईने फोडलेली होती. हे कळल्यावर साहेब थेट आमच्या घरी आले.

"मावशी, खडी एवढी दांडगी का ठिवली वो?"

आई म्हणाली, "पेटी भरून मोजायचे, साहेब, पेटीमागं मजुरी. बारीक फोडली की पेटी लवकर भरत न्हवती. तवा कुणाला ठावं, तुमच्या मालकिणीला त्याच्यावरनं जायचंय!"

"ठावं असतं तर?"

"तर एखादी पेटी बारीक केली असती."

साहेब एवढे हसले की बाज कुरकुरली. मग त्यांनी बाजही दाबून पाहिली आणि तिला पास केलं.

त्याच महिन्यात त्यांनी फटफटीच्या मागच्या चाकाचे दोन्ही स्प्रिंग काढून टाकले. त्यांच्या जागी ट्रकच्या ट्यूबच्या दोन जाड पिशव्या बसवल्या, वरून कॅनव्हासचं वेष्टन. हवा भरायचं तोंड सीटखाली आणि सायकलचा पंप दांडीला बांधलेला. एकटं जायचं तर हवा कमी, मागं कोणी असेल तर जास्त. उस्मानाबादेतल्या पंक्चरवाल्या चाचांनी पिशव्या सांधून दिल्या खऱ्या, पण विचारलंच, "साब, ये फटफटी हय की पखाल?"

पहिल्या दिवशी हवा जास्त झाली. साहेब कारखान्याच्या फाटकातून कोंबड्यासारखे उडत आत आले. दुसऱ्या दिवशी कमी झाली, तर गाडी म्हशीसारखी खाली बसली. तेव्हा साहेबांनी ठरवलं, अंदाज पुरे, वहिनींचं वजन काढायचं. आणि साखर कारखान्यात वजन काढायचं म्हणजे कुठे? उसाच्या काट्यावर.

भरल्या बैलगाड्यांच्या रांगेत फटफटी उभी राहिली. मागे वहिनी, पदर तोंडाला लावलेला. एक गाडीवान ओरडला, "साहेब, ह्यो कंचा ऊस म्हणायचा?"

"आडसाली, दीड वरसाचा भरदार," साहेब ताठ मानेने म्हणाले. "गप गुमान मागं हो."

आधी वहिनींसकट गाडी तोलली, मग त्या उतरल्यावर रिकामी. काटेवाल्याचा जन्म उसात गेलेला. उसाच्या वजनातून वाळला पाला आणि मोळीचे बंद वजा करतात, तसं त्याने सवयीने मोठ्यांदा पुकारलं, "पाचट आन् बंदाची वजावट जाता..."

"पाचट कुटं दिसलं रं तुला माज्या अंगावर?" वहिनी कडाडल्या. गाडीवान बैलांच्या आड लपून हसले. पण साहेब तोवर तोच आकडा पुटपुटत पंप मारायला लागले होते.

रविवारी आम्ही निघालो. पुढे ते दोघे, मागे सायकलवर मी, पंक्चरचं सामान घेऊन. खडी सुरू झाली तशी माझी सायकल खडखडायला लागली. पण फटफटी सावकाश, डुलत चालली होती.

"कसं वाटतंय गं?" साहेबांनी विचारलं.

"झोळीत बसल्यावानी," वहिनी म्हणाल्या, आणि पदराखाली गाणं गुणगुणायला लागल्या. साहेबांची मान अशी ताठ झाली की समोरचा खड्डाच त्यांना दिसला नाही.

फट्!

गाडी एका अंगाला बसली. वहिनी मात्र अलगद उतरून उभ्या राहिल्या होत्या. साहेबांनी फाटकी पिशवी हातात घेतली. हवा कमी असल्याने ती चेपून मडगार्डच्या पत्र्याच्या कडेला घासली होती.

"हवा कमी कशी पडली? काट्यावरचं वजन हाय!"

मी भीतभीत म्हणालो, "साहेब, त्याने वजावट धरली होती..."

"आयला! पाचट!" साहेबांनी कपाळाला हात लावला.

समोर गावाचा लिंब दिसत होता. वहिनींनी तो पाहिला आणि चालायला लागल्या.

"अगं थांब, आत्ता चिकटवतो!"

"तुमी चिकटवत बसा," मागे न बघता त्या म्हणाल्या. "मी आईकडं चालले."

आम्ही गाडी ढकलत पोचलो, तेव्हा म्हातारी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. कमरेशी येऊन हात थांबला. "हितंच ना गं?" तिने विचारलं. वहिनी हसत होत्या आणि नाक पुसत होत्या.

"जावई कशानं आले?" म्हातारीने विचारलं.

"हवेवर आलो, मामी," दारातून साहेब म्हणाले. "शेवटचं जरा ढकलत."

त्यानंतर वजावट न धरता हवा भरून ते दोघे म्हातारी असेपर्यंत त्या वाटेने जात राहिले. ती गेली आणि मग त्या रस्त्यावर डांबर पडलं. साहेबांनी पुन्हा स्प्रिंग बसवले. पिशव्यांचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

आता साहेबही नाहीत. मला ते आठवतात ते त्या डांबरी रस्त्यावरचे. मी नव्या एस.टी.तून चाललो होतो. गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला फटफटी उभी होती. गावात आता वहिनींची वाट पाहणारं कोणी नव्हतं, तरी त्या उतरून एकट्याच हळूहळू लिंबाकडे चालल्या होत्या. साहेब गाडीला टेकून, त्यांच्याकडे पाठ आणि शेताकडे तोंड करून उभे होते. मी खिडकीतून हात केला. त्यांनी ओळखलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा शेताकडे बघू लागले.