राजकन्येच्या मिशा

लोककथांच्या अभ्यासकाला एक गोष्ट लवकर उमगते: किस्सा एकटा राहत नाही. एक सांगावा, तर मागे दोन ताटकळत उभे असतात. १९६०च्या सुमारास मी जर्मनीत संशोधन करत असताना आमच्या विद्यापीठात जुनी जपानी पुस्तकं आली, आणि किस्से जणू त्याच पेटीतून उतरले!

पुस्तकं लाकडी ठशांनी छापलेली. जुन्या दरबारी कथा त्यांत सचित्र, सोप्या करून दिलेल्या. पुण्याचा गोडबोले त्यांवर डॉक्टरेट करत होता. त्याचा सिद्धान्त असा, की यांच्यामुळे अभिजात साहित्य दुकानदारांच्या घरांतही वाचलं गेलं. त्याचे प्राध्यापक म्हणत, "वाचलं कसलं? नुसती चित्रं पाहिली!" हा वाद हरला, तर गोडबोले पदवीविना पुण्याला परतणार होता.

*

प्रदर्शन भरलं. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, हे मांडणाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याने प्रत्येकाचं शेवटचं पान पहिलं म्हणून मांडलं. नगराध्यक्ष एका पानापुढे नतमस्तक झाले. "काय गहन काव्य आहे!"

"ही दंतमंजनाची जाहिरात आहे, हेर ब्युर्गरमाइस्टर," गोडबोले नम्रपणे म्हणाला.

*

या पुस्तकांत कागद एकाच बाजूने छापून मधोमध दुमडलेला असतो. घडी बाहेर राहते. आमच्या ग्रंथपाल फ्राउ केलर यांना वाटलं, पानं कापायची राहिली आहेत! अख्खा खंड सुरीने कापून त्या धावत आल्या.

"फसवलं आपल्याला! अर्धी पानं कोरी!"

*

उरलेल्या खंडांत तेलाचे डाग आणि अंगठ्यांचे ठसे निघाले. गोडबोले हरखला. तोच फ्राउ केलर पावाचा गोळा घेऊन डाग पुसायला हजर!

"हात लावू नका! पुरावा आहे तो माझा!"

एका राजकन्येला तर कुणीतरी शाईने झुपकेदार मिशा काढल्या होत्या. गोडबोलेने ते पान विजयी मुद्रेने प्राध्यापकांपुढे धरलं.

"मिशा काढायला वाचता यावं लागत नाही, हेर गोडबोले."

*

अखेर तोंडी परीक्षा. मी मागच्या बाकावर. प्राध्यापकांनी तोच आक्षेप घेतला. गोडबोलेने आपल्याकडच्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथ्यासारखं पुस्तक वर धरलं आणि मजकूर जर्मनमध्ये सांगू लागला. वेषांतर केलेला राजपुत्र राजकन्येच्या दाराशी आला. आतून कडी. त्याने हाक मारली.

इथे गोडबोले थांबला. पुढचं चित्र त्याने शेजारचा मजकूर न वाचता नुसतंच दाखवलं: दार सताड उघडं, राजपुत्र जमिनीवर आडवा, आणि राजकन्या, तीच मिशांची, हसते आहे!

"हे कसं झालं?" प्राध्यापक खुर्चीतून पुढे झुकले.

गोडबोलेने चित्र तसंच वर धरून ठेवलं.

वर्ग बंद करायला आलेला शिपाई केव्हाचा किल्ल्या हातात धरून दारात उभा होता. त्याला राहवलं नाही.

"अहो, त्या बाजूला लिहिलंय ते वाचा की!"